धर्माजींची पगडी

प्रभावतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, होणाऱ्या व्याह्यांकडे नीट बघितलं आणि त्यांचं नाव ठरवून टाकलं. चिमटीने डोक्यावरचं झाकण उचलायचं, परत ठेवायचं. झालं नाव.

बाईंच्या मुलाला, लोकेशला, पूनम सागर सोसायटीतल्या स्वतःच्याच घरात घाम फुटला.

कारण हे व्याही, धर्माजी, विग घालायचे. ही गोष्ट ते राहायचे त्या शांती नगरात फक्त त्यांच्या बायकोला आणि मुलीला, म्हणजे संध्याला, ठाऊक होती; आणि ती ठाऊक असल्याचं दाखवायची त्या दोघींनाही परवानगी नव्हती. लोकेशला संध्याने गुपचूप सांगितलं होतं.

इथे जरा थांबू. लोकेशचे आईवडील जन्मापासून कर्णबधिर. त्यांच्यात माणसाचं नाव दरवेळी अक्षरं जुळवून सांगत नाहीत. डोळ्यांत पहिल्यांदा जे भरेल त्याची खूण करतात, तेच नाव. त्यात अपमान नसतो. उलट ज्याच्याशी संबंध ठेवायचा नाही त्याला कोण नाव देतंय? म्हणजे स्थळ आईला पसंत होतं. तीच तर पंचाईत होती.

आणि लोकेश? घरात ऐकू येणारा एकटाच. गॅसवाला, बँक, डॉक्टर, सगळीकडे दुभाष्या. शाळेत बाई त्याचीच तक्रार आईला सांगायच्या, तीही त्याच्याच मार्फत. तेव्हापासून भाषांतरात थोडी साखर घालायची सवय लागली ती लागलीच.

हात (आई): झाकणवाले चांगले आहेत. मुलीच्या बाजूने भांडतील.

तोंड (लोकेश): "आई म्हणते, भेटून आनंद झाला."

"ते ठीक आहे," धर्माजींचा हात भांगाकडे गेला. "पण ताईंनी डोक्यावर हे काय केलं?"

"ते तुमचं नाव आहे काका. आमच्यात खुणेचं नाव देतात."

"हां, पण म्हणजे काय?"

लोकेशच्या खिशात फोन थरथरला. समोर बसलेल्या संध्याने मेसेज टाकला होता: 'बाबांना कळलं तर लग्न विसर.'

"पगडी!" लोकेश म्हणाला. "पगडी जरा उचलून मान देतात ना, तसं. म्हणजे मोठा माणूस."

धर्माजी खुर्चीत सरळ झाले. "बघ संध्या, इतकी वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर होतो, एकानं कधी पगडी नाय म्हटलं. ताईंनी पहिल्याच भेटीत ओळखलं!" आणि त्यांनी प्रभावतीबाईंकडे बघून स्वतःच ती खूण केली.

हात (आई): अगं बाई, स्वतःच सांगतोय! किती मोकळा माणूस!

तोंड (लोकेश): "आई म्हणते, बरोबर जमलं."

जमलं ते इतकं जमलं की धर्माजी ती खूण लिफ्टमध्येही करायला लागले. वॉचमनला करून दाखवली. 'माझं सांकेतिक नाव' असं लिहून व्हिडिओ स्टेटसला ठेवला.

"काका, सारखं नसतं करायचं," लोकेश काकुळतीला आला.

"का रे?"

"मान कमी होतो."

"मान वाटल्यानं वाढतो, लोकेश."

मग त्याने आईला विनवलं: नाव बदल, दुसरं काहीतरी ठेव.

हात (आई): एकदा ठेवलं की ठेवलं. तुझ्या बापाचं बदललं का मी?

वडिलांचं, वाल्मिकरावांचं, नाव होतं 'तिरका दात'. तो दात पडून जमाना झाला होता.

साखरपुडा शांती नगरातल्या हॉलमध्ये. वाल्मिकरावांचं कर्णबधिर मंडळ झाडून आलं. धर्माजी दारात उभे. "तू मध्ये मध्ये करू नको रे," त्यांनी लोकेशला बाजूला केलं, "माझी ओळख मी करून देतो."

प्रत्येकाला त्यांनी झाकण उचलून दाखवलं. प्रत्येकाने आधी त्यांच्या डोक्याकडे बघितलं, मग भारावून दोन्ही हात वर करून हलवले. ही त्यांची टाळी. धर्माजींना वाटलं, काय हा मान!

शेवटी मंडळाचे नाथाकाका आले. तेही विग घालायचे, आणि सगळं बघणाऱ्या माणसांत ते लपवता लपवता बिचारे थकले होते. धर्माजींची खूण बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःचा विग काढला, छातीशी धरला आणि हाताने सांगितलं: आता तुम्ही.

हॉलचा तो भाग आधीपासूनच शांत होता. आता ऐकू येणारे पाहुणेही गप्प झाले.

धर्माजींनी नाथाकाकांच्या हातातला विग बघितला. मग स्वतःची हवेतच राहिलेली चिमूट.

"लोकेश."

"हो काका."

"पगडी काय?"

जन्मभर चाललेलं तोंड नेमकं तेव्हा बंद पडलं.

हात (आई): काय झालं? तू काय सांगितलंस यांना?

लोकेशने हातांनी कबूल केलं. आईचा चेहरा लाल झाला. त्याला ढकलून ती थेट धर्माजींसमोर उभी राहिली. लोकेशकडे बोट. स्वतःचा कान पिरगाळला. तोंडापाशी पंजा फडफडवून ती हवा झटकून टाकली: सगळ्या थापा. मग संध्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या: बघा बुवा, अजून वेळ आहे.

भाषांतराची गरजच नव्हती.  धर्माजी हसले. हॉलमध्ये उकडत होतंच. त्यांनी विग काढला आणि रुमालासारखा खिशात कोंबला. मंडळाचे सगळे हात वर गेले.

तेवढ्यात संध्याची आई जेवणाच्या काउंटरवरून धावत आली. नवऱ्याचं उघडं डोकं बघून तिचा हात तोंडावर गेला. "अहो, हे काय? विहीणबाई काय म्हणत होत्या?"

धर्माजींनी लोकेशकडे रोखून बघितलं.

"काय नाय गं," ते म्हणाले. "म्हणतायत, पोरगा लाखात एक आहे. शब्दाचा पक्का."

हात (आई): काय सांगितलं त्यांनी?

लोकेशने आयुष्यात पहिल्यांदाच शब्दन् शब्द जसाच्या तसा सांगितला.

आईचा काही विश्वास बसला नाही.