बयाबाईंच्या टॅबचा गळका कोपरा

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात बुवांचा आवाज वेशीपर्यंत जातो, इथला आवाज ओटी ओलांडत नाही. गोष्ट महाडजवळच्या कापडे गावच्या येसाजींची आहे, आणि ऐकून झाल्यावर वेळ फुकट गेला असं कुणी म्हणणार नाही, एवढा शब्द आधीच देऊन ठेवतो.

येसाजींनी आयुष्यात कधी घेतलेली वस्तू दुकानात परत केली नव्हती. एकदा महाडहून आणलेल्या चपलांच्या जोडात दोन्ही चपला डाव्या पायाच्या निघाल्या. काशीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, डोक्याला हात लावला. येसाजी म्हणाले, पाय शिकतील. आणि भातलावणी संपेपर्यंत त्यांनी त्या वापरल्या. अशा माणसावर त्यांच्या लेकीने, श्रुतिकाने, टॅब बदलून आणायचं काम सोपवलं.

टॅब होता आजीसाठी. येसाजींची आई बयाबाई गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरल्या, तेव्हापासून त्यांचा गुडघा पायरी म्हटली की रुसायचा. देवळाला पायऱ्या बारा. ज्या बाईने सप्त्यातलं एक कीर्तन कधी चुकवलं नाही, ती आता घरात बसून नुसता स्पीकर ऐकायची, आणि वारा उलटा फिरला की तेही नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या श्रुतिकाला हे बघवेना. तिने महाडच्या दुकानातून टॅब घेतला, आणि चार वर्षांपूर्वी गावातल्याच सप्त्यात कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं कीर्तन एका बारक्या कार्डात घालून त्यात बसवून दिलं. वर आणखी पन्नासभर नामवंत बुवांची कीर्तनंही घातली.

टॅबला बयाबाई पाटी म्हणायच्या. त्या पन्नासांना त्यांनी हात लावला नाही. रोज दिवेलागणीला त्या तुळशीपाशी दिवा ठेवायच्या, हातपाय धुवायच्या, पदर नीट करायच्या आणि गावातलंच ते कीर्तन लावायच्या. नऊ दिवसांत नऊ वेळा. येसाजी भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या आयेची भक्ती बघा. एकच कीर्तन, पन रोज नवा असल्यागत बघते." ऐकणारा हात जोडायचा. येसाजींना मग दिवसभर बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी, रविवारी, श्रुतिका वीर स्टेशनला उतरून घरी आली. संध्याकाळी आजीशेजारी बसली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ते कीर्तन मुळात अंधारातलं. देवळातली उजवीकडची ट्यूब त्या सप्त्यात उडाली होती, त्यामुळे चित्राची निम्मी बाजू काळी. आणि त्या काळ्यात, खाली उजव्या कोपऱ्यात, पांढुरका उजेड पसरलेला. बंद दाराखालून स्वयंपाकघरातला दिवा ओटीवर यावा तसा.

तिने वडिलांना समजावून सांगितलं. काचेच्या मागे दिवे असतात, त्यांचा उजेड सगळीकडे सारखा यायला हवा. कड नीट बसली नाही तर तो कोपऱ्यातून गळतो. पांढऱ्या चित्रावर कळत नाही, काळ्यावर लगेच दिसतं. पंधरा दिवसांत दुकानदार बदलून देतो, शुक्रवार शेवटचा दिवस.

"गळतो म्हंजे संपून जाईल काय?" येसाजींनी काळजीने विचारलं.

"संपत नाही हो पप्पा. पण आजीला कीर्तन नीट दिसायला नको? तुम्ही मंगळवारी जा, आणि लाजू नका."

बयाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. मला नाय त्रास होत." हा आईचा सोशिकपणा आहे असं समजून येसाजींचा निश्चय उलट पक्का झाला. आईच्या कीर्तनावर डाग नको.

मंगळवारी ते एस्टीने महाडला गेले. दुकान धम्मपालचं. माणूस सरळ, गिऱ्हाइकाला काका म्हणून खुर्ची देणारा. त्याने टॅब हातात घेतला, उलटासुलटा केला, काळं चित्र लावलं आणि म्हणाला, "काका, मला तर काहीच दिसत नाही." दुकानात आठ ट्यूबलाइट. त्या उजेडात गळका कोपरा दिसणार कसा? येसाजींनी हात आडवा धरला, टोपी आडवी धरली, शेवटी स्वतःच आडवे झाले. काही उपयोग नाही.

"अंधार पायजे," ते म्हणाले.

अंधार कुठून आणायचा? गिऱ्हाइकं उभी असताना शटर ओढता येईना. मग येसाजींना वाटलं, त्यात काय, वीज जाईलच की. कापड्यात डोंगरावर ढग नुसता दिसला तरी जाते. ते खुर्चीवर बसून राहिले. आयुष्यभर वीज यावी म्हणून देवाला हात जोडलेला माणूस ती जावी म्हणून मनात नामस्मरण करू लागला. दोन तास झाले. महाडची वीज त्या दिवशी अशी टिकली की येसाजींना तिचा रागच आला. शेवटी एकदाची गेली. ते टॅब घेऊन ताडकन उठले, तोच दुकानाचा इन्व्हर्टर चालू झाला आणि आठच्या आठ ट्यूब लागल्या.

धम्मपाललाच त्यांची दया आली. शेजारी कमळाबाईंचं चादरींचं दुकान होतं, तिथून त्याने सगळ्यात जाड चादर मागून आणली. दोघे काउंटरच्या पुढे जमिनीवर बसले आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

आता बाहेरून हे दृश्य कसं दिसलं असेल ते बघा. भर बाजारात, भर दुपारी, दोन दणकट माणसं एका चादरीखाली. पहिल्या आलेल्या माणसाने विचारलं, सर्दी झालीय काय, वाफ घेतायत काय. कमळाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते काय ते नाय माहीत. चादर माझी हाय." पाचेक मिनिटांत पंधरा माणसं जमली. त्यांत कापड्याचा महादू होता. त्याला येसाजींच्या चपला ओळखता आल्या, गर्दीत वरचं काही दिसेना. त्याची एस्टी सुटायची होती, म्हणून तो तसाच पळाला.

आत धम्मपाल म्हणाला, "काका, दिसलं. उजव्या हाताला खाली."

"मंग मी खोटा नाय ना?"

"अजिबात नाही. पण माझ्या बोटांवरचा गुडघा काढा."

धम्मपालने चादरीखालीच कोपऱ्याचा फोटो काढला, बाहेर येऊन कागद भरला, नवा टॅब दिला आणि कार्ड त्यात घालून दिलं. येसाजींना जग जिंकल्यासारखं वाटलं. येताना एस्टीत त्यांनी शेजारच्या माणसाला विनाकारण दोनदा सांगितलं, की वस्तू खराब निघाली तर सरळ परत करायची, लाजायचं काय त्यात.

ते कापड्याला उतरले, तर त्यांच्या अंगणात माणसं. काशीबाई ओटीवर बसून रडत होत्या. महादूने बातमी आणली होती की येसाजी महाडच्या बाजारात पडले आणि अंगावर चादर टाकली आहे. येसाजी खोका काखेत मारून चालत येताना दिसल्यावर सगळे उठून उभे राहिले. काही जणांना तर थोडी फसवणूक झाल्यासारखंही वाटलं.

"मंग चादर कुनावर टाकली व्हती?" महादूने विचारलं.

"माझ्यावरच."

"पडल्यावर?"

"बसल्यावर. अरे, अंधार करायला."

"चादर कुनाची?"

"कमळाबाईंची."

"त्यांना काय झाला?" महादूचा चेहरा परत पडला.

हे निस्तरेपर्यंत दिवेलागण झाली. येसाजींनी मोठ्या कौतुकाने नवा टॅब आईच्या मांडीवर ठेवला आणि कीर्तन लावलं. काय तो काळा रंग. विहिरीत वाकून बघावं तसा, एकसारखा, निर्मळ. बुवा झळकत होते. "आये, आता कसा वाटतंय?"

बयाबाईंनी थोडा वेळ बघितलं. मग अंगठ्याने कोपरा पुसला. पदराने पुसला. टॅब थोडा तिरका धरून बघितला. "बरा हाय," त्या म्हणाल्या, "पन डोळं दुखतात आज." आणि टॅब बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करून निजल्या.

बुधवारी त्यांनी टॅब मागितला नाही. भाकरीही निम्मीच खाल्ली. येसाजींनी श्रुतिकाला फोन लावला. तिच्या सांगण्यावरून त्यांनी उजेड वाढवला, आवाज वाढवला, चष्मा पुसून दिला, पन्नासांतल्या एका मोठ्या बुवांचं कीर्तन लावून दिलं. बयाबाई दोन मिनिटं आदराने बघून म्हणाल्या, "मोठा मानूस हाय," आणि बंद करायला सांगितलं.  आईची भक्ती आटली की काय, या विचाराने येसाजींनीही भाकरी निम्मीच खाल्ली.

गुरुवारी संध्याकाळी काशीबाई सासूच्या डोक्याला तेल लावायला बसल्या.

"आत्याबाय, कीर्तन नाय लावायचा?"

"पाठ झालाय."

"पाठ तर चार दिवसांतच झाला व्हता. तरी बघत व्हतात की."

बयाबाईंनी दाराकडे नजर टाकली. मग हळूच म्हणाल्या, "काशे, त्या जुन्या पाटीत तुझा सासरा दिसायचा गो."

काशीबाईंचा हात थांबला. धोंडूबाबा, येसाजींचे वडील, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"बुवांच्या मागं, कडेला, सगळ्यात शेवटचं. मोबाइलात काळाच दिसतो तिथं. पन त्या पाटीत उजेड सांडला व्हता ना, त्यात त्यांचं मुंडासं दिसायचं. टाळ वर गेला का हात दिसायचा. मोप झाला मला तेवढा."

"आधार कार्डावर फोटू हाय की त्यांचा."

"त्यात ते चोरी करताना पकडल्यावानी दिसतात. त्या मानसासंगं नाय मी पन्नास वर्सं काढली." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "आन् हे येसाला बोलू नको. म्हातारी देव सोडून नवऱ्याला बघते म्हनतील."

काशीबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली, आत गेल्या आणि शब्दनशब्द येसाजींना सांगितला.

येसाजी चुलीपुढे बसून राहिले. गावभर आपण काय सांगत फिरलो, ते त्यांना आठवलं. पण त्याची लाज वाटायला सवड नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू परत केली, आणि तिच्यात बाप होता. उद्या शुक्रवार. जुना टॅब शुक्रवारी कंपनीकडे रवाना होईल, असं धम्मपालने कागद भरताना सांगितलं होतं.

शुक्रवारी पहिल्या एस्टीने ते महाडला पोचले. दुकान उघडायचं होतं. ते पायरीवर बसले. धम्मपाल आला, त्याने त्यांना बघितलं आणि शटरची किल्ली हातातच राहिली.

"काका, आता काय झालं? ह्यातूनही उजेड गळतो?"

"नाय. एक थेंब गळत नाय."

"मग चांगलंच आहे ना?"

"चांगलाच हाय. म्हनून तर परत आनलाय."

धम्मपालने दुकान उघडून त्यांना खुर्ची दिली. म्हणाला, खराब म्हणून परत घेण्याचा कागद असतो, चांगला म्हणून परत घेण्याचा कागद मी अजून बघितला नाही. जुना टॅब आत पट्टी मारून तयार आहे, पार्सलवाला कुठल्याही क्षणी येईल. मग येसाजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

धम्मपालने किल्ली काउंटरवर ठेवली. आत गेला, कात्रीने पट्टी कापली, जुना टॅब काढला, त्यात कार्ड घातलं. कमळाबाईंना हाक मारली. त्या चादर घेऊन आल्या, आणि या वेळी काय आहे ते बघितल्याशिवाय चादर देणार नाही म्हणाल्या. म्हणून तिघे बसले.

चादरीखाली कीर्तन सुरू झालं. बुवा पुढे आले, मृदंगावर थाप पडली. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, त्या सांडलेल्या उजेडात, एक पांढरं मुंडासं हललं. डोळे मिटलेला म्हातारा. टाळ इतरांच्या किंचित मागून वाजत होते. कायम तसेच वाजायचे. 

"कोन हो ते?" कमळाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"वडील माझे."

कमळाबाईंनी अंधारातच डोक्यावरचा पदर सारखा केला. धम्मपाल म्हणाला, "काका, एवढं परत मागे घेऊन लावू?"

त्याने ते तीनदा लावलं. तोवर बाहेर परत माणसं जमली होती आणि पार्सलवाला त्यांच्यात उभा राहून, आजारी कोण आहे, असं विचारत होता. धम्मपालने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग कागद काढला. मंगळवारी लिहिलेल्या मजकुरावर काट मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पुन्हा तपासणी केली. दोष आढळला नाही.' येसाजींनी सही केली.

श्रुतिकाचा फोन एस्टीतच आला. "पप्पा, तो कोपरा व्यवस्थित आहे ना आता?"

"आता अगदी बरोबर हाय," येसाजी म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि तशी गरजही पडली नाही.

घरी त्यांनी टॅब आईच्या मांडीवर ठेवला, कीर्तन लावलं आणि काही काम निघाल्यासारखं करून गोठ्याकडे गेले. काशीबाईही आत गेल्या. बयाबाईंनी इकडेतिकडे कुणी नाही ना ते बघितलं, कुंकू नसलेल्या कपाळावरचे केस मागे सारले आणि बघत बसल्या. देवाने ते मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. त्याच्याच दारात तर दोघं उभी राहिली होती जन्मभर.

तर मंडळी, एक मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला गेलात की बुवांना नमस्कार करा, वीणेकऱ्याला करा, मृदंगवाल्याचं कौतुक करा. मग एकदा मान वळवून रांगेच्या टोकाला, जिथे उजेड पोचत नाही तिथे, शेवटी उभ्या असलेल्या टाळकऱ्याकडे बघा. आणि धोंडूबाबांची आठवण काढा. सप्त्याच्या कुठल्याही पत्रिकेत त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही.