झोळीतून ओव्हर

"एका वेळी एकानंच बोलायचं. मोजकं बोलायचं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटणावरचं बोट काढायचं."

रिना मॅडमनी हे नियम चामोर्शीच्या हॅम मंडळींना इतक्यांदा ऐकवले होते, की काहीजण झोपेत कूस बदलतानाही 'ओव्हर' म्हणत असावेत. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन काढून हौसेनं वायरलेस चालवणारी माणसं. एरवी त्यांना कोणी विचारत नाही. पण पूर आला, वीज गेली, मोबाइलचे टॉवर मुके झाले, की तहसील कार्यालयातलं एक टेबल त्यांच्यासाठी घाईघाईनं रिकामं होतं. त्या टेबलाशी आश्रमशाळेत विज्ञान शिकवणारी रिना बसते आणि सगळ्यांचं बोलणं शिस्तीत चालवते.

वायरलेसच्या सेटमध्ये एक सोय असते. कोणी फार वेळ बटण दाबून धरलं, तर सेट आपणहून गप्प होतो. रिनानं आपल्या घरच्या सेटमधली ती सोय बंद करून टाकली होती. मोजकं कसं बोलावं हे समजावून सांगत असताना सेट दरवेळी तिलाच मध्ये गप्प करायचा, म्हणून.

त्या दुपारी चारी बाजूंनी पाणी चढत होतं. नाल्यापलीकडच्या मोहटोल्यातून निकेशचा आवाज आला. निकेश तिथला हॅम. किराणा दुकान चालवतो आणि दुकानाच्या छपरावर त्यानं अँटेना लावलेला आहे.

"मॅडम, आमच्या चंचलले कळा सुरू झाल्या. पह्यलटकरीन हाये. नथ्थूभाऊ डोंगा घेऊन तयार हायेत. गाडी कुठी येईल? ओव्हर."

"शाळेच्या घाटावर आणा. अँब्युलन्स तिथं उभी राहील. ओव्हर."

"पण थे डोंग्यात बसाले नाई म्हणून राह्यली. पाणी पाहून लय भेली. समजावतो आन् निघतो. आवाज येऊन राह्यला ना? ओव्हर."

"पाच-नऊ, निकेश. पाच-नऊ. ओव्हर."

पाच-नऊ म्हणजे आवाज खणखणीत, एकदम स्वच्छ. हॅम लोकांत याहून मोठी शाबासकी नाही.

निकेशचं बोलणं संपलं आणि स्पीकरमधून एक वेगळाच आवाज यायला लागला. करकर, करकर. मग कोणीतरी बाई नाकातून गुणगुणायला लागली.

रिनानं बटण दाबून पाहिलं. काही उपयोग नाही. गावातल्या पाण्याच्या टाकीवर हॅम मंडळींचं एक यंत्र बसवलेलं होतं. सगळ्यांचं बोलणं तेच झेलायचं आणि तालुकाभर फेकायचं. पण ते एका वेळी एकाचंच ऐकायचं, आणि ज्याचा सेट टाकीच्या जवळ, त्याचं आधी. आता ते ही अंगाई ऐकत होतं.

"कोणाचं तरी बटण दाबलेलं राहिलंय," रिना नायब तहसीलदार साहेबांना म्हणाली. "आपण चालू आहोत हे त्याला कळणारही नाही. सेट बोलत असला की त्याला काही ऐकू येत नाही."

"मग दुसऱ्या चॅनेलवर जा."

"जाते. पण निकेशला ते सांगू कशावर? याच चॅनेलवर सांगावं लागेल."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "कोण आहे हा बेजबाबदार माणूस?"

"असल्या माणसाचं लायसन रद्द झालं पाहिजे, सर," रिना तावातावानं म्हणाली.

एवढ्यात अँब्युलन्सचा ड्रायव्हर श्रावण चिखलानं माखलेल्या पायांनी आत शिरला. "मॅडम, केव्हाचा बोलावून राह्यलो! तुमच्या चॅनेलवर कोण बाई गाणं म्हणून राह्यली? शाळेच्या घाटाचा रस्ता वाहून गेला. गाडी फक्त धानाच्या गोडाऊनपर्यंत जाते."

रिना उभीच राहिली. गोडाऊन होतं प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि शाळेचा घाट पार खाली. नथ्थूचा डोंगा एकदा खाली सुटला की पुन्हा वर येणं नाही. खालच्या काठावर रस्ता नाही, गाडी नाही, दवाखाना नाही. आणि डोंग्यात चंचल. निकेश तिला समजावून एव्हाना निघालाही असेल.

स्पीकरमधली बाई गाता गाता थांबली. "झोप रे माह्या अश्वू, झोप. ये वं शकुबाई, बस. हळू बोल, आत्ताच डोळा लागला त्याचा."

रिनानं स्पीकरला कान लावला. तो आवाज तिच्या सासूचा, ठमाबाईंचा होता. ती करकर तिच्याच घरातल्या झोळीच्या दोरीची होती. आणि अश्वू म्हणजे अश्वजित, तिचा दात येत असलेला, रात्ररात्र खांद्यावर फिरवून घेणारा लेक. त्याचं नाव ऐकताच तिचा पान्हा दाटून आला. अंगाला चॅनेल मोकळं आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं.

"ओळखीचं घर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"माझंच आहे, सर," रिना म्हणाली आणि श्रावणच्या मागे धावली.

घर गोडाऊनच्याच वाटेवर होतं. अँब्युलन्समध्येही एक सेट होता, रिनानंच हट्टानं बसवलेला. तो आता तिच्याच घरातलं बोलणं गाडीभर ऐकवत होता.

"कशाचा डबा वं हा झोळीत?" शकुबाई विचारत होत्या.

"माह्या सुनेचा. चालू केला का तिचा आवाज येते. मायचा आवाज आला का पोट्टा गुमान झोपते, म्हणून त्याच्या कुशीखाली सरकवला. पण आता तिचीच बोलती बंद झाली. एवढा वेळ चूप राह्यलेली मी तिले अजून नाई पाह्यली."

श्रावणनं खालचा ओठ दातांत धरला.

"हसू नका, श्रावणभाऊ. गाडी चालवा."

"हसून नाई राह्यलो जी. खड्डे पाहून राह्यलो."

"बाळंतपणातबी अशीच होती का वं?" शकुबाईंनी विषयाला तोंड फोडलं.

"काई इचारू नोको! दवाखान्यात तीन नर्सा एकदम बोलून राह्यल्या होत्या. हे कळा देता देता त्याहिले म्हणते, एका वेळी एकीनंच बोला! मंग मोठी कळ आली. बोंबलली, आई वं! आन् वरून म्हणते, ओव्हर!"

शकुबाईंचं हसणं तालुकाभर पोचलं. तहसील कार्यालयात पोचलं, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी पोचलं, थेट पोलीस ठाण्यातल्या सेटवरही पोचलं असणार. रिनानं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढं मात्र डोंगाच दिसत होता. गढूळ पाणी, नथ्थूचं वल्हं आणि काठाला घट्ट धरून बसलेली एक घाबरलेली पोरगी.

"आन् पोट्टा बाहेर आला ना," ठमाबाई सांगत होत्या, "डॉक्टरीणबाईनं त्याले उलटा धरला. त्यानं टाहो फोडला. तवा माही सून काय बोलली, माहीत हाये का तुले?"

गाडी थांबली. रिना गुडघाभर पाण्यातून धावत दारात पोचली. "आई! तो सेट!"

"श्श्श!" ठमाबाईंनी दोन्ही हात आडवे केले. "हात नोको लावू! आत्ताच झोपला! उठला तर तूच घे मंग दिवसभर."

झोळीत अश्वजित सेटवर कूस टाकून पडला होता. तोंड उघडं, गालावर लाळ, आणि बटण त्याच्या बरगडीखाली. एरवी तो असा झोपला की रिना चोरपावलांनी चालायची, भाजी फोडणीला टाकायचीसुद्धा नाही. आताही तिचा हात आपसूक आखडला. आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की सेट चालू आहे आणि सगळं जग ऐकतंय. मग आधी काढायचा कशाला?

ती झोळीवर वाकली. पोराच्या कानाशी तोंड नेऊन, अंगाईच्या आवाजात म्हणाली, "निकेश. शाळेच्या घाटावर जाऊ नका. वरच्या अंगाला, गोडाऊनजवळ या. गोडाऊन. ओव्हर."

तिच्या हॅमच्या आयुष्यातला हा सगळ्यात छोटा निरोप होता.

पण उत्तर? उत्तर यायला बटण सुटायला हवं होतं. तिनं श्वास रोखला, अश्वजितला उचललं आणि सेट खेचला. पोरानं डोळे उघडले, आईला पाहिलं आणि ती इतका वेळ कुठे होती याचा जाब विचारत असा टाहो फोडला, की शकुबाईंच्या हातातला चहा सांडला.

"झाली झोप!" ठमाबाई म्हणाल्या.

रिनानं त्याला कडेवर घेतलं आणि सेट कानाला लावला. नुसती खरखर. मग आणखी खरखर. दारात श्रावण चाव्या हातात घेऊन थिजला होता.

"निकेश, ऐकू येतंय का? डोंगा कुठं आहे? ओव्हर."

खरखर.

"निकेश!"

"हो जी मॅडम, गोडाऊन. समजलं. ओव्हर."

"डोंगा कुठं आहे ते सांगा!"

"इथीच हाये, खुंट्याले बांधून. निघालोच नाई."

"काऊन?" रिना शिस्तीची भाषा विसरून ओरडली.

"चंचल हाललीच नाई जी. डोंगा पाहून रडत होती. मंग ठमाबाईची गोष्ट सुरू झाली. ओव्हरवर अशी हसली, का कळ आली तरी हसूनच राह्यली. नथ्थूभाऊ म्हणे, चाल. हे म्हणते, पोट्टा झाल्यावर मॅडम काय बोलल्या थे आयकल्याशिवाय पाय ठेवत नाई. आन् तुमी मधातच आल्या. सांगा आता. ओव्हर."

सगळे ऐकत होते, हे रिनाला नीट ठाऊक होतं. तिनं सासूकडं पाहिलं. ठमाबाई पदराच्या टोकानं शकुबाईंचा सांडलेला चहा पुसत होत्या, भलत्याच मन लावून.

रिनानं बटण दाबलं.

"चंचल, ऐक. अश्वजित रडला, तेव्हा मी म्हणाले..." तिनं पोराला कडेवर सावरलं. "मी म्हणाले, पाच-नऊ. ओव्हर."

आधी एक बारीकसं हसू आलं, कळवळतं. मग निकेशचा आवाज. "बसली जी. डोंग्यात बसली. निघालो. ओव्हर."

श्रावण गोडाऊनकडं निघाला. रिना झोळीजवळच खाली बसली. पुढचा सारा वेळ तिनं घरूनच कारभार चालवला, पदराखाली पोर आणि पदराबाहेर सेट. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मध्येच निकेश एकदा म्हणाला, "मधात धार लय हाये." त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. अश्वजित पिऊन पिऊन झोपला. रिनानं सेट काही खाली ठेवला नाही.

मग श्रावणचा आवाज आला. "डोंगा लागला काठाले. चंचल गाडीत हाये. गाडीतली सिस्टरबाई म्हणते, आता गाडी हालवू नोका." आणि कोणी 'ओव्हर' म्हणायच्या आधीच मागून एक आवाज आला. बारीक, चिडका, कोरा करकरीत. तालुकाभर.

रिनानं सेट ठमाबाईंपुढं धरला.

"माहं लायसन कुठी हाये वं?"

"मी आहे ना बाजूला. बोला, आई."

ठमाबाईंनी बटणावर अंगठा रोवला. "पाच-नऊ, माय चंचल! एकदम पाच-नऊ! आता गरम पाणीच पेत जा, कानाले फडकं बांध, आन् कोणी काई म्हणो, पोट्ट्याले झोपेतून उठवू नोको. माही सून पाय, आता आताच..."

सेट मध्ये पडला नाही. आपणहून गप्प व्हायची त्याची ती सोय बंदच होती. ठमाबाई बोलत राहिल्या. ओव्हर त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि रिनानंही त्यांना आठवण करून दिली नाही.