जांभळी ओळ

राजेश्वरीबाईंचा बेत अगदी चोख होता. सांगलीला जायचं, लग्नाची हळद आणायची, आणि त्याच फेरीत लेकीच्या घोरण्यावर उपाय विचारून यायचा. विचारायचा कुणाला? इंटरनेटला! डॉक्टरांची सोय नव्हती. साताऱ्यात त्यांच्या कानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत भाजीमंडईत पोचतं. इंटरनेटला ना तोंड, ना नातेवाईक, असा बाईंचा ठाम समज होता. साल नव्याण्णव, तेव्हा समज ताजाच होता.

लेक मयूरी दिसायला जाईच्या वेलीसारखी. पण डोळा लागला, की उसाचा भरलेला ट्रॅक्टर चढाला लागायचा. साखरपुड्याला पाटणहून आलेल्या विहीणबाई, चंद्राबाई, मुक्कामाला राहिल्या, तेव्हा राजेश्वरीबाईंनी तो आवाज शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरीवर ढकलला होता. चंद्राबाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मुलगा जयराज लष्करात. "सायबानं त्येला सोताचा येगळा तंबू दिलाय," हे त्या येताजाता ऐकवत होत्या. तंबूवाल्या जावयाच्या गळ्यात ट्रॅक्टर बांधतोय, या विचारानं राजेश्वरीबाईंना घास गिळवत नव्हता. कळलं तर? जमलेलं लग्न मोडायचं, आणि का मोडलं ते गावभर व्हायचं.

सांगलीत स्टँडजवळ नवं इंटरनेट कॅफे निघालं होतं. टायपिंग क्लासचे जुने मालक, नवा पंखा आणि ओळीनं पडदे लावलेली खोपटी. मालकांनी एक रिकामं खोपटं दाखवलं, शोधायची जागा उघडून दिली आणि सभ्यपणे पडदा ओढला. पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या राजेश्वरीबाईंनी घोरण्याचा इंग्रजी शब्द एकेका बोटानं टाइप केला. निळ्या ओळींची यादी आली. मधेच एक ओळ जांभळी होती. साडीला काठ असतो तशी शोभेला असेल, म्हणून बाईंनी ती सोडली आणि सगळ्यात वरची उघडली. कुशीवर झोपवा, पाठीला चेंडू शिवा, असं काहीबाही होतं. वाचून परत यादीवर येतात तो काय, वरची ओळही जांभळी झालेली!

बाईंनी पदरानं काच पुसून पाहिली. जाईना. पडद्यातून मान काढून त्यांनी मालकांना विचारलं, की इथल्या ओळीचा रंग कसा काय बदलला.

"जिथं जाऊन आलात ना, ती जांभळी होते. मशीन लक्षात ठेवतं, बाई."

राजेश्वरीबाईंनी आवाज खाली आणला. "हे पाटणलासुद्धा दिसतं?"

मालकांना वाटलं, बाई इंटरनेटचं कौतुक करतायत. "पाटणचं काय घेऊन बसलात? न्यूयॉर्कला दिसतं!"

म्हणजे पत्रिका वाटायच्या आधीच बातमी जगभर वाटून झाली होती! पण अशा वेळीही बाईमाणूस संसारातलीच युक्ती शोधतं. एका साडीचा रंग धुण्यात उतरला, तर काय करतात? बादलीतले सगळेच कपडे त्या रंगात बुडवायचे. एक ओळ जांभळी दिसली तर लोक बोट दाखवतील. सगळ्याच जांभळ्या असतील तर कुणाला काय कळणार? बाईंनी एकेक ओळ दाबायला सुरुवात केली. एकेक पान उघडायला चहाला उकळी यावी इतका वेळ. बाई घामानं भिजल्या, पण यादी रंगत चालली.

आणि मग ते पान उघडलं, ज्यावर घोरण्याचा नमुना ठेवला होता.

घुर्रर्र! पंखासुद्धा दचकला असेल. बाईंनी टेबलावरच्या आवाजाच्या डब्याला आधी पदर गुंडाळला, मग त्याला रडत्या पोरासारखं छातीशी धरलं. डबा घोरतच होता. मालक धावले, पडदा सरकला, आणि शेजारच्या खोपट्यातून एक ओळखीचं डोकं बाहेर आलं.

"अगं बया! ह्यो तर आमच्या जयचा आ..." म्हणून चंद्राबाई थांबल्या.

दोघी विहिणींच्या मधे डबा घोरत होता.

"मी हळद घ्यायला आले होते," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

"मी बी हळदच."

मालकांनी वायर उपटली. शांततेत राजेश्वरीबाईंना ती पहिली ओळ आठवली, त्यांनी हात लावायच्या आधीच जांभळी असलेली. "या मशीनवर आधी कोण होतं हो?"

"मीच की. हितं वारं लागंना, म्हून तिकडं सरकले," चंद्राबाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या.

"मग जयरावांचा तो वेगळा तंबू..."

"बराकीतल्या पोरांनी अर्ज केला वो सायबाकडं." चंद्राबाईंनी डोळ्याला पदर लावला, हसू आलंय की रडू, ते कळेना. "आन् तुमची ती पान्याची मोटर मला त्याच रातीला कळली व्हती. नर्स हाय मी. म्हनलं, तंबूला मोटर शोभंल. पर आमचं कळल्यावर तुमी पोरगी द्याल का न्हाई, ह्येचा घोर लागला व्हता."

राजेश्वरीबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. मालकांनी एक बटण दाबून सगळ्या ओळी पुन्हा निळ्या करून दिल्या. पुसता येतं हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, कुणी विचारलंच नाही.

कराडपर्यंत दोघी एकाच एसटीत शेजारी बसून गप्पा मारत आल्या. साताऱ्याला पोचेपर्यंत राजेश्वरीबाईंच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. नानासोंनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली, हातावर तोलली, उघडून आत पाहिलं.

"हळद कुठाय?"

जगभरातल्या खुणा पुसून आलेल्या राजेश्वरीबाई दारातच उभ्या राहिल्या.

"आणि मग दिवसभर सांगलीत होतीस कुठं?"