बेबीबाई खोली बघतात

भाड्याची खोली बघायला गेल्यावर माणसं नळ सोडून बघतात, खिडकी उघडून बघतात, फार तर भिंतीवर टकटक करतात. आमच्या बेबीबाई सरळ आडव्या होतात. घरमालकाच्या डोळ्यांदेखत, उघड्या फरशीवर, तोंडावर पदर ओढून.

"उभ्यानं समद्याच खोल्या चांगल्या दिसतेत, म्याडम. निजल्यावर समजते."

काय समजतं, तर छत कुठे गळतं, नालीचा वास किती येतो आणि शेजारच्या खिडकीतून कोण डोकावतं. एका खोलीतून तर त्या लगेच उठल्या. घरमालकाची खाट बरोबर खिडकीसमोर होती. त्याला म्हणाल्या, "खोली बेस हाये, भाऊ. तुमी नाई."

मी कारंजा (घाडगे)ला बेघर बायकांचं निवारागृह चालवते. नवऱ्याने हाकललेल्या, पोरांनी स्टँडवर सोडलेल्या बायका इथे येतात. काही महिने राहायचं, काम धरायचं आणि खोली घेऊन बाहेर पडायचं, असा नियम. बेबीबाईही अशाच आल्या. त्यांची मुदत केव्हाच संपली, पण त्यांच्या हातचं वांग्याचं भरीत खाल्ल्यावर नियम सांगायला माझी जीभ रेटेना. स्वयंपाकाला ठेवून घेतलं. बाहेर पडणाऱ्या बाईसोबत खोली बघायला जायचं काम मात्र त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं.

खोली पसंत पडली की घरमालकाची पाळी. "बाईचा नवरा कुठं असते?" असं त्याने विचारलं, की बेबीबाई विचारतात, "तुमी पिऊन येता काय घरी?" तो भडकला तर शांतपणे म्हणतात, "आमची लेक तुमच्या भरवशावर राहीन. इचाराले नाई लागत?"

वैशालीच्या वेळी मात्र कमाल झाली. वैशाली हायवेवरच्या ढाब्यावर पोळ्या लाटते, पदरात लहान मुलगी. तिची मुदत संपत आली होती. खोली मिळाली नसती तर पुन्हा त्याच नवऱ्याच्या दारात जावं लागलं असतं, ज्याने तिच्या हातावर तापलेलं उलथनं ठेवलं होतं. आणि गावभर एकच पालुपद, एकट्या बाईला खोली देत नाही. शेवटी किराणावाल्या मनोहरसेठनी दुकानामागची खोली दाखवली. बेबीबाई आडव्या झाल्या, आणि नेमकं तेव्हाच सेठना कळलं की सोबत नवरा येणार नाही.

"मंग नाई जमत. उद्या लोक मलेच बोलतीन."

"बोलू द्या," पदराआडून आवाज आला. "खोली मले पसंत हाये."

"उठा बाई."

"काऊन उठू? आताच तं निजली."

आमच्या जिल्ह्याला सत्याग्रह नवा नाही, पण निजून केलेला मी पहिल्यांदाच बघत होते. सेठनी विनवलं, मग आवाज चढवला. गिऱ्हाइकं दुकान सोडून मागे येऊन उभी राहिली. मी लाजेने अर्धी झाले. वैशाली रडकुंडीला आली, "मावशी, राहू द्या, चला." मावशी ढिम्म. अखेर सेठाणीने चहा आणला. बेबीबाईंनी उठून बसून तो फुंकून फुंकून प्यायला, कप परत दिला आणि पुन्हा आडव्या झाल्या. सेठाणीला हसू आवरेना.

"द्या हो खोली," ती नवऱ्याला म्हणाली, "नाई तं ह्याच राहतीन इथं जन्मभर!"

वैशाली निघाली त्या सकाळी बेबीबाईंनी तिला पाटावर बसवून ओटी भरायला घेतली. एक बाई कुजबुजली, "टाकलेल्या बाईची ओटी भरते काय कोणी?"

"नवऱ्यानं टाकली, मी नाई टाकली!" बेबीबाई कडाडल्या. "लेक माहेराहून चालली. रिकामी धाडू काय तिले?"

वैशालीने पाया पडून त्यांचा हात धरला. "मावशी, तुमीबी चला ना माह्यासंग. खोली तं तुमीच घेतली."

"मले कुठं येता येते, बापा," म्हणत त्या घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या.

मला राहवलं नाही. संध्याकाळी त्या मेथी निवडत होत्या. मी विचारलं, "का नाही गेलात? इतक्या जिवाने बोलावत होती."

त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली. "मले टाकलं तवा मी गिरडले माहेरी गेलती. भाऊ, भावजय घरातच होते. टीव्हीचा आवाज येऊन राह्यला होता. मी हाक मारली. तं टीव्ही बंद झाला."

"मग?"

"मंग काई नाई. दार नाई उघडलं."

त्या मेथीची पानं खुडतच होत्या. "उद्या वैशाली परत आली, तं दार उघडाले कोणी पायजे ना, म्याडम."

तेवढ्यात फाटक वाजलं. दूधवाला होता, नेहमीच्या वेळेला आलेला. पण बेबीबाई मेथी तशीच टाकून, पदर सावरत धावत निघाल्या, "आली वं माय, आली!"