याकोबमामांचं आमेन

याकोबमामा पाटोळे प्रार्थना करताना ‘आणि शेवटी, हे बापा’ असं म्हणाले, की आमच्या चर्चमधली जाणती माणसं पाय मोकळे करून पुन्हा नीट बसत. नवखे मात्र फसत. ते गुपचूप पायानं चपला चाचपायला लागत, बायका पर्सची चेन ओढत, पेटीवाला भाता सोडून शेवटच्या गीताचा सूर धरायला बोटं उचले. मामांचं ‘शेवटी’ हे साधारण प्रार्थनेच्या मध्यावर येत असे.

समाप्तीची प्रार्थना करण्याचा मान आमच्याकडे सर्वांत वयस्कर पुरुष सभासदाचा. तो मामांकडे आला तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि तब्येत ठणठणीत होती, म्हणजे आम्हाला सुटकेची आशा नव्हती. त्यात उभा जन्म भोसरीच्या एका कंपनीच्या हॅमरशॉपमध्ये गेलेला. तापलेल्या लोखंडावर हॅमर पडत असताना शेजारच्याला ऐकू जावं अशा बेतानं ते बोलायला शिकले होते, आणि देवाशीही त्याच बेतानं बोलत.

“हे बापा, तुला ठाऊक हायच, तरी सांगतो,” अशी सुरुवात. मग जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला चार्ज देतो तसा सगळा तपशील. “देहूरोडच्या शांताबाईचा गुडघा. म्हणजे फाटकाकडची शांताबाई, ती दुसरी न्हवं. दुसरीचं डोळ्याचं हाय, ते मी पुढं घेतो.” देवाचा गोंधळ होऊ नये याची त्यांना फार काळजी. एकदा ते म्हणाले, “आपल्या फिलिपचा थोरला मारुंजीला ऱ्हातो, त्याला कंपनीनं काढून टाकलंय. त्यानं अजून घरी सांगितलेलं न्हाई, तवा बापा, ही गोष्ट आपल्यातच ऱ्हाऊ दे.” फिलिप तिसऱ्या बाकावर बसला होता. त्यानं डोळे उघडले ते पुढची दहा मिनिटं मिटलेच नाहीत.

मामांची आणखी एक खोड होती. प्रार्थनेत त्यांचा डावा डोळा मिटलेला आणि उजवा उघडा असायचा, तोही खिडकीकडे. मला हे कसं कळलं, असं कुणी विचारेल. माझे दोन्ही उघडे असत. घड्याळावर.

मी या चर्चचा सेक्रेटरी. त्याआधी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. तीन मिनिटं उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापायचा, हे माझं काम. माणसं काय काय कारणं सांगत, मी मान हलवून ऐकत असे आणि कापत असे. रिटायर झाल्यावर कापायला काही उरलं नाही, म्हणून मी डायरीत उपासनेच्या वेळा लिहायला लागलो. मामांच्या प्रार्थनेला स्वतंत्र रकाना होता. बावीस मिनिटं. सव्वीस. कधी एकदम पाच. मध्येच, शांताबाईचा गुडघा अर्धवट टाकून, “तुझ्या पुत्राच्या नावानं मागतो, आमेन” म्हणून खाली बसत. त्या दिवशी मी मनात देवाचे आभार मानी. असं का होतं, हा प्रश्न मला पडला नाही. आकडा लिहिला की माझं काम संपत असे.

आता आमच्या मंडळीच्या फुटीविषयी सांगायला हवं. बाप्तिस्मा कसा द्यावा यावरून आम्ही फुटलो. आमच्यात पूर्वापार तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. पाच-सात वर्षांपूर्वी काही कुटुंबांना पटलं की तो बाप्तिस्मा खरा नव्हे. जाणत्या वयात अख्खा माणूस पाण्यात बुडाला पाहिजे. त्यांनी तळेगावच्या बाजूला एका मळ्यातल्या हौदात पुन्हा बाप्तिस्मे घेतले. मग आमच्यातल्यांनी विचारलं, म्हणजे आमचे आईबाप बाप्तिस्म्याविना मेले काय? दोन्ही बाजूंकडे बायबलमधली वचनं होती आणि दोन्ही बाजूंना तोंडपाठ होती. सत्य आपल्या खिशात आहे असं वाटणारी दोन माणसं एका बाकावर बसू शकत नाहीत. वर्षभरात फाटकाला दोन कुलपं लागली.

मामांच्या घरात ही फूट वरवंट्यासारखी पडली. त्यांची आई बाळंतपणात गेली. तेरा वर्षांच्या थोरल्या बहिणीनं, मार्थाआक्कानं, त्यांना वाढवलं. चर्चमध्ये बाप्तिस्म्याला कडेवर घेऊन उभी राहिली तीही तीच. त्या आक्काचे दोन्ही मुलगे हौदवाल्यांचे पुढारी झाले, आणि ऐंशी उलटलेल्या आक्कालाही त्यांनी हौदात उतरवलं. मामा तिच्या घरी गेले. थोरला भाचा दाविद बोलता बोलता म्हणाला, “मामा, तुमचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नाही.” मामा आक्काकडे बघून म्हणाले, “मग तवा तू मला कडंवर घेऊन काय केलंस गं?” आक्का पदराचं टोक चाचपत राहिली. मामा उठले आणि आजपासून तुमच्या घरचं पाणी मला वर्ज्य, असं म्हणून आले. हॅमरशॉपचा आवाज, अख्ख्या वसाहतीनं ऐकलं. एवढ्या लोकांनी ऐकलेला शब्द मागे घेणं अवघड असतं.

इमारत एकच आणि मंडळ्या दोन. मग तोडगा कुणी काढावा? टाइम ऑफिसवाल्यानं. आम्ही साडेसात ते नऊ, ते दहा ते साडेअकरा. आम्ही सव्वानऊपर्यंत आवार रिकामं करायचं, त्यांनी साडेनऊच्या आत फाटकात यायचं नाही. मधली पंधरा मिनिटं मी मुद्दाम ठेवली होती, एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून. दोन्ही पाळकांनी सही केली. त्याच रविवारी आम्ही ऐक्यासाठी विशेष प्रार्थना केली, हे मी आज लिहितो आहे आणि मला लाज वाटते आहे. तेव्हा वाटली नव्हती.

या चोख वेळापत्रकात मामांची प्रार्थना आडवी येई. आम्ही आत डोळे मिटून बसलेले, आणि बाहेर ते लोक येऊन ठेपत. मग दारात सगळी सरमिसळ. यांची स्कूटर त्यांच्या मोटरसायकलमागे अडकलेली. “जरा गाडी घेता का” म्हणावंच लागे. ते म्हटलं की “आईचं ऑपरेशन झालं का” हेही तोंडातून निघून जाई. एकदा तर दोन्हीकडच्या बायका पंधरा मिनिटं नळाजवळ उभ्या राहून आंब्याच्या लोणच्यावर बोलत होत्या. मला ही बेशिस्त दिसली. तिकडच्या सेक्रेटरीचंही तक्रारीचं पत्र आलं. मी कमिटीत ठराव मांडला: समाप्तीची प्रार्थना यापुढे पाळकसाहेबच करतील, दोन मिनिटं.

मामा कमिटीत होते. मला वाटलं, आता छप्पर उडणार. “साहेब, पाच मिन्टं तरी?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मामा, नियम सगळ्यांना सारखा.” ते बरं म्हणाले. ठराव एकमतानं पास झाला, असं मी लिहून ठेवलं आहे.

मग सगळं घड्याळासारखं चाललं. नऊला आमेन, नऊ वाजून दहा मिनिटांनी आवार मोकळं. मामा छत्री काखेत मारून, कुणाशी न बोलता बसस्टॉपकडे जात. नऊ-दहा रविवार असे गेले आणि माझ्या डायरीत एकाही दिवशी खाडाखोड नव्हती.

एका रविवारी मी चष्मा आत विसरलो. परत गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते. आत त्यांचं गाणं चालू होतं, आणि फाटकाबाहेरच्या दगडी कट्ट्यावर एक म्हातारी एकटीच बसली होती. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर काठी. मार्थाआक्का. मी म्हटलं, “सलाम आक्का. आत नाही गेलात?”

“कोन? शेक्रेटरी का?” तिनं आवाजावरून ओळखलं. “आमचा याकोब आजारी हाय का रं बाबा?”

“नाही. चांगले आहेत की.”

“त्याचा आवाज येत न्हाई आता. दाविदला ती सौंडची मशिनं लावायची असत्यात, तो मला अगुदर आणून हितं बसवतो आन वायरी आणाया जातो. म्या हितं बसले की याकोबला खिडकीतनं दिसायचं. दिसले की आमेन म्हनायचा. मंग गर्दीतनं यायचा, घडीभर हितं टेकायचा. जेवला का इचारायची मी. दाविद यायच्या आत जायचा.” मग ती म्हणाली, “कवा दाविदला मला आणाया उशीर व्हायचा. मंग लय लांबवावं लागायचं त्याला.”

घरी जाऊन मी डायरी काढली. बावीस, सव्वीस, पाच. एकतीस वर्षं मी माणसांच्या यायच्या-जायच्या वेळा वाचल्या होत्या आणि हा रकाना मला वाचता आला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी मामांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. गेलो असतो तर ठराव मागे घ्यावा लागला असता, कमिटीपुढे चूक कबूल करावी लागली असती. पुढच्या रविवारी बघू, असं म्हणत मी तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी दुसरी मंडळी आलीच नाही. त्यांच्यातले बरेचजण चाकणच्या कंपन्यांत. त्यांनी चाकणलाच एक हॉल घेतला होता आणि दाविदनं बिऱ्हाडही तिकडे हलवलं होतं. आता दोन्ही मंडळ्या निवांत दहाला उपासना करू शकत होत्या.

तेव्हा कुठे मी मामांच्या दारात गेलो. बायको गेल्यापासून ते एका खोलीत एकटे राहत. स्टोव्हवर भात होता. मी सगळं सांगितलं. कट्ट्यावरचं, डायरीचं, तीन रविवारांचंही. शेवटी विचारलं, “मामा, कमिटीत का नाही बोललात?”

“काय बोलू साहेब? भनीला भेटाया देवाला कामाला लावलंय, आसं?” ते भात ढवळत म्हणाले. “फाटकावर हुबा ऱ्हायलो आसतो तर दाविदला दिसलं आसतं, मामा वाट बघतोय. प्रार्थना लांबली तर कुनाचाच दोष न्हाई.” मग म्हणाले, “पाप होतं का वो ते? मान्सं म्या खरीच सांगत होतो. शांताबाईचा गुडघा खरा होता.”

पाप तुमचं नव्हतं, असं मी म्हणालो. चाकणला चला, असंही म्हणालो. त्यांनी नकाराची मान हलवली. शब्द दिलाय म्हणाले. पुढच्या आठ महिन्यांत मी पाच वेळा विचारलं आणि पाचही वेळा तेच उत्तर आलं. समाप्तीची प्रार्थना आम्ही त्यांना परत दिली. ती ते दीड मिनिटात उरकत.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी दाविदचा फोन आला, मला. “सेक्रेटरीसाहेब, आई अंथरुणावरून उठत नाही आता. मामांना सांगाल का? मी सांगितलं तर येतील की नाही, माहीत नाही.” त्याचा आवाज हौदाच्या वेळचा नव्हता. मी स्कूटर काढून मामांकडे गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी पायात चपला घातल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या.

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दार दाविदनंच उघडलं. आक्काच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मामांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि आणखी मागितला. मग आतल्या खोलीत गेले.

आक्काला आता दिसत नव्हतं. मामा पलंगाशी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. आक्कानं त्या हातावरचे भाजल्याचे जुने वण बोटांनी चाचपले.

“याकोबा,” ती म्हणाली, “लय उशीर केलास रं.”

मी दारात उभा होतो. उशीर माझ्यामुळे झाला, हे सांगायला मी पुढे झालो. “आक्का, चूक माझी,” एवढं म्हणालोही. पण तिला ऐकू गेलं नसावं. मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं मला गप्प राहायची खूण केली. मग तिच्या कानाशी वाकून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चाकणच्या रस्त्याला ट्राफिक लय होतं, आक्का.”

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. रविवारची सकाळ होती आणि रस्ता मोकळा होता. आम्हाला अडतीस मिनिटं लागली होती.