मिस्त्रींचा उठाव

दानियल मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी दाराला भेटतात. बोटाच्या पेरांनी चौकटीवर दोनदा टकटक करतात, कान लावतात आणि निकाल देतात. "बाभळ." "कडुलिंब, पर वला कापलाय." एका लग्नात नवरीच्या बापाने दिलेल्या कपाटावर त्यांनी भर मांडवात टकटक केली आणि मोठ्यांदा सांगितलं, "भुसा हाय. नुस्ता दाबलेला भुसा." कपाट राहिलं, पण त्या घरची पुढची पत्रिका मिस्त्रींना आली नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मिरजगावात माझं औषधांचं दुकान आहे आणि मिस्त्री माझे शेजारी. चाळीस वर्षं त्यांनी गावाला दारं-खिडक्या आणि चर्चला बाकं करून दिली. मग हायवे रुंद झाला. दोन्ही कडेच्या टपऱ्या, न्हाव्याची दुकानं, भाजीवाल्या, सगळं उठलं. माझंही दुकान आत गल्लीत आलं. लोक सामान टेम्पोत भरत होते, तेव्हा मिस्त्री हातगाडी घेऊन मोडक्या फळ्या आणि चौकटी गोळा करत फिरत होते. आम्हाला वाटलं, जळणाला.

पुढची तीन वर्षं त्यांच्या अंगणातल्या ठोकाठोकीने माझी दुपारची झोप गेली. शेवटी त्यांनी मला हाताला धरून नेलं. त्याच फळ्यांचा नऊ फूट लांब पाट जोडला होता आणि त्यावर रस्त्याची आमची बाजू जशीच्या तशी कोरली होती. गणपा न्हावी गिऱ्हाइकाची मान वाकडी करून उभा. शेवंताबाई भाजीच्या पाटीमागे. माणसं अर्धी फळीच्या बाहेर, अर्धी आत.

"पाठ नाही का कुणाला?" मी विचारलं.

"पाठ लाकडात हाय. मानूस सगळा भाईर काढायचा नसतो, शेट."

मीही होतो, दुकानाच्या पायरीवर. माझं पोट बाकीच्यांपेक्षा दोन बोटं पुढे होतं. मी तक्रार केली, तर म्हणाले, "तितं लाकूड जाड हुतं."

अशा कामाला उठाव म्हणतात, हे मीच त्यांना सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. मिस्त्रींनी ग्रामपंचायतीकडे स्वहस्ते अर्ज दिला: 'रस्त्यावरून उठवलेल्या सर्व लोकांचा उठाव मी तयार केलेला आहे. तो आपल्या हॉलमध्ये करण्यास परवानगी मिळावी.' ग्रामसेवक नवीन होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, घोटभर पाणी घेतलं आणि पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी हवालदार आले. मिस्त्री रंधा मारत होते.

"किती लोक आहेत उठावात?"

"अठ्ठावीस. आन एक म्हैस."

"हत्यारं?"

"हायेत की. पटाशी हाय, छिन्नी हाय."

हवालदारांनी छिन्नीपर्यंत लिहून घेतलं आणि मग त्यांची नजर पाटावर गेली. त्यात त्यांचा नेहमीचा चहावाला होता. वही मिटून ते अर्धा तास तिथेच बसले.

परवानगी मिळाली, पण खरं भांडण पुढेच होतं. मिस्त्रींना पाट भिंतीवर कमरेच्या उंचीला लावायचा होता. सरपंच म्हणाले, "वर लावू, सात फुटांवर. खाली लावला तर पोरं हात लावतील, लोक चुन्याची बोटं पुसतील."

"हात लागला पायजे."

"अहो, कला ही बघायची असते."

"मंग लावूच नका," मिस्त्री म्हणाले आणि नऊ फुटांचा पाट चार माणसांच्या खांद्यावर देऊन परत घरी आणला. दोन महिने तो ताडपत्रीखाली पडून होता. पाऊस लागला असता तर तीन वर्षांची मेहनत फुगून गेली असती. मी खूप समजावलं. म्हातारा हटेना. मला मनातून रागच आला होता. शेवटी सरपंचांनीच माप घेतलं, तेव्हा कळलं की सात फुटांवर लावला तर बरोबर त्यांच्या वडिलांची पानटपरी भिंतीवरच्या पंख्यामागे जाते. पाट दुसऱ्या दिवशी कमरेला लागला.

नारळ फुटला, भाषणं झाली, लोक पेढे खाऊन गेले. माझा चष्मा राहिला म्हणून मी परत गेलो, तर मिस्त्री मार्थाबाईंना हाताला धरून आत आणत होते. मार्थाबाई म्हणजे त्यांची बायको. पूर्वी त्या शेवंताबाईंच्या शेजारी अंडी घेऊन बसायच्या. रस्ता रुंद झाला त्याच साली शुगरनं त्यांची नजर गेली. "समदं हाललंय, पाय कुटं टाकू?" म्हणून त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. त्यांची औषधं दर महिन्याला मीच देतो. तरी कमरेच्या उंचीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता, याची मला लाज वाटली.

मिस्त्रींनी त्यांचा हात पाटावर ठेवला. बोटं हळूहळू सरकली. "ह्यो गणप्या. दात पुढं." मग, "हे मेडिकलवाले व्हय? आवाजावरनं बारीक वाटायचे." मग बोटं एका कानातल्यापाशी थांबली. "शेवंते," त्या लाकडाला म्हणाल्या, "लई दिसांनी गं." बराच वेळ त्यांचा हात तिथून हलला नाही. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून स्क्रू तपासत होते.

नऊ फूट संपले. मार्थाबाईंचा हात कोऱ्या भिंतीवर गेला.

"अवो, आन पल्याडच्या कडंचे?"

"करतोय की. निम्मं झालंय."

त्यांच्या अंगणात एक फळीसुद्धा उरलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मिस्त्रींचं वय बहात्तर आहे.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करत होतो, तेव्हा ते कागद आणि पेन्सिल घेऊन उभे. "शेट, तुमच्या दुकानाचं तोंड पल्याड हुतं. पंधरा वर्सं समोर बगत बसला हुता. सांगा बरं, डावीकडनं पयलं कोन बसायचं?"

मी शटर अर्ध्यावरच सोडलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.