बिनसाखरेचं माज्यून

मला वाटलं होतं, रोमानियात चार वर्षं अन्नतंत्र शिकून आलेल्या वैजयंतीचं, म्हणजे माझं, आमचं रिठद गाव नक्की ऐकेल. गावानं ऐकलं, अगदी मान हलवून शेवटपर्यंत ऐकलं. (केलं मात्र आपल्याच मनाचं.)

माज्यून म्हणजे तिकडचा आलुबुखाऱ्याचा घट्ट गर. पाणी नाही, साखर नाही. कढईत दहा तास ढवळत आटवायचा आणि पोळीला लावून खायचा. रिसोडच्या दुकानदार रूपालीताईंना मधुमेहाच्या गिऱ्हाइकांसाठी असंच काही हवं होतं. त्यांना पसंत पडलं तर गावात माझा कारखाना, नाही तर पुण्याची नोकरी, असा शब्द मी नानाजींना, म्हणजे वडिलांना, देऊन बसले होते.

सकाळी सहाला चूल पेटवली. ढवळायच्या पाळ्या लावल्या: पंचफुलाकाकू, कमलीबाई, नानीबाई आणि मी. माझ्या पाळीत कढईकडे पाठ करून साखरेच्या दुष्परिणामांवर भाषणही दिलं.

चारला रूपालीताई आल्या. मधुमेहामुळे सहा वर्षं पथ्यावर असलेल्या नानाजींना मी पुरावा म्हणून पुढे केलं. त्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. तासाभरानं मी मोठ्या अभिमानानं त्यांच्या बोटाला सुई टोचली.

मशीनवर आकडा आला तीनशे बारा.

"म्या एकच खडा टाकला वं गुळाचा," काकू जमिनीकडे पाहत म्हणाली. "म्हनलं, पोरीचे पैसे फळातच सरले असतीन, साखरेले उरले नसतीन. सांगाले लाजून राह्यली."

"मी बी तेच समजली," कमलीबाई म्हणाली. नानीबाईनं पदराची गाठ सोडून उरलेला गूळ माझ्यापुढे ठेवला.

पाहुणीला आंबट वाढणं आणि माझी अडचण चारचौघांत उघडी पाडणं, दोन्ही पापं त्यांनी एकमेकींना न सांगता टाळली होती. रूपालीताईंनी सोमवारपर्यंत एक संधी दिली. (जाताना घरच्यांसाठी डबा भरून नेला.)

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजींची साखर उतरली, तसा त्यांना कंठ फुटला. "सर्वात मोठा खडा माहा होता. तू भाषण देऊन राह्यली होती तवा."

मी तिथल्या तिथे ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं: माज्यून पुन्हा करायचं, बिनसाखरेचंच करायचं, आणि कढई गावात नाही, दोन कोस लांब शेतावर लावायची.

काकूनं सगळं नीट ऐकलं, मान हलवली आणि काळजीनं विचारलं, "पन पोरी, येवढ्या लांब गूळ कोन आनन?"